चौदा दिवसांत निकाल

केनिया म्हटलं की आपल्याला काय काय आठवतं? मॅरेथॉन पळणारे खेळाडू, मसाई माराचे सिंह, मोबाईलवरून पैसे पाठवायचं ते एम-पेसा... आणि घरातल्या एखाद्या क्रिकेटवेड्या काकाला विचारलंत तर २००३ च्या वर्ल्डकपची सेमीफायनल आणि स्टीव्ह टिकोलो. बास. त्या देशात कोर्टानं काय केलं, हे आपल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एखाद्या चौकटीत येतं आणि विसरलं जातं.

पण मंडळी, एक गोष्ट ऐका. राष्ट्रपतिपदाची निवडणूक होते. विद्यमान राष्ट्रपती चौदा लाखांवर मतांनी जिंकतात. परदेशी निरीक्षक पाठ थोपटतात. हरलेला उमेदवार कोर्टात जातो, आणि चौदा दिवसांत सुप्रीम कोर्ट सांगतं की निवडणूक रद्द, साठ दिवसांत परत घ्या. का? तर मुख्यतः निकाल पाठवण्याची पद्धत धड पाळली नाही, आणि कोर्टानं सर्व्हर दाखवा म्हटल्यावर आयोगानं तो नीट दाखवला नाही म्हणून!

सर्व्हर, लॉग आणि ॲक्सेस हे शब्द आपल्या रोजच्या तोंडचे. त्यामुळे या केसनं मला पकडलं ते सोडेचना. गेले काही वीकएंड मी हेच वाचतोय. म्हटलं एकदाचं लिहून काढावं.

*

सुरुवात २०१७ पासून करून चालत नाही. आधी नव्वदच्या दशकात जावं लागतं.

१९९२ मध्ये केनियात बऱ्याच वर्षांनी बहुपक्षीय निवडणूक झाली. डॅनियल अराप मोई जिंकले, केनेथ मटिबा दुसरे आले. मटिबांनी निकालाला आव्हान दिलं. या मटिबांना आधी मोई सरकारनंच तुरुंगात डांबलं होतं आणि तिथेच त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. लिहिणं जमत नव्हतं. म्हणून त्यांच्या पत्नीनं मुखत्यारपत्राच्या आधारे याचिकेवर सही केली. कोर्टानं काय करावं? याचिकाकर्त्याची स्वतःची सही नाही म्हणून याचिका फेटाळली.

१९९७ मध्ये परत मोई जिंकले. या वेळी दुसरे आले म्वाई किबाकी. तेही कोर्टात गेले. त्यांची याचिका कशावर उडाली? तर ती मोईंच्या हातात प्रत्यक्ष नेऊन दिली नाही म्हणून! आता राष्ट्रपतींच्या भोवती सुरक्षारक्षकांचं कडं असताना त्यांच्या हातात कागद कोण आणि कसा नेऊन देणार, हा प्रश्न कोर्टाला पडला नाही. मतांवर, मोजणीवर, घोटाळ्यावर चर्चाच झाली नाही. दोन्ही वेळा दार उंबऱ्यावरच बंद.

मला वाटतं पुढच्या सगळ्या इतिहासाचं बीज इथे आहे. कोर्टानं "तुम्ही हरलात" म्हणणं वेगळं, आणि "तुमचं ऐकूनच घेत नाही" म्हणणं वेगळं. पहिल्या उत्तरानं माणूस चिडतो. दुसऱ्यानं तो पुढच्या वेळी कोर्टात जातच नाही.

आणि तसंच झालं. २७ डिसेंबर २००७ ला निवडणूक झाली. आता राष्ट्रपती होते तेच किबाकी, आणि समोर होते रायला ओडिंगा. सुरुवातीची मोजणी ओडिंगांच्या बाजूनं होती, मग आकडे फिरले. ३० डिसेंबरला आयोगानं जाहीर केलं: किबाकी ४५,८४,७२१, ओडिंगा ४३,५२,९९३. फरक २,३१,७२८ मतांचा. (हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.) त्याच संध्याकाळी, अंधार पडता पडता, राष्ट्रपतिभवनाच्या हिरवळीवर घाईघाईनं शपथविधी उरकला. खुद्द निवडणूक आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइटू नंतर म्हणाले की किबाकी खरंच जिंकले का हे आपल्याला माहीत नाही!

सरकारी पक्षानं ओडिंगांना सांगितलं, तक्रार असेल तर कोर्टात जा. ओडिंगा गेले नाहीत. तिथले न्यायाधीश कोणी नेमलेत ते त्यांना माहीत होतं, आणि मटिबा-किबाकींच्या याचिकांचं काय झालं तेही. मग लोक रस्त्यावर आले. पुढच्या दोन महिन्यांत अकराशेहून जास्त माणसं मेली, सुमारे सहा लाख लोक घरादाराला मुकले. एल्डोरेटजवळ किआंबा इथे चर्चमध्ये आसरा घेतलेल्या बायका-मुलांना चर्चसकट जाळलं. शेवटी कोफी अन्नान मध्ये पडले आणि २८ फेब्रुवारी २००८ ला समझोता झाला. किबाकी राष्ट्रपती राहिले, ओडिंगांसाठी पंतप्रधानपद तयार केलं गेलं.

नंतर दक्षिण आफ्रिकेचे निवृत्त न्यायमूर्ती योहान क्रिग्लर यांच्या आयोगानं या निवडणुकीची चौकशी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आकडे इतके नासलेत की कोण जिंकलं हे आता कळणं शक्य नाही. हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. डेटा करप्ट झाला, बॅकअप नाही, आणि अकराशे माणसं गेली.

*

२०१० मध्ये केनियानं नवी राज्यघटना स्वीकारली. ती लिहिणाऱ्यांनी २००७ चा धडा नीट घेतलेला दिसतो. नवं सुप्रीम कोर्ट स्थापन केलं आणि राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा वाद थेट तिथेच, खालच्या कोर्टांचा फेरा नाही. कलम १४० अगदी एखाद्या सर्व्हिस कराराच्या भाषेत आहे: निकालानंतर सात दिवसांत याचिका. याचिकेनंतर चौदा दिवसांत निर्णय. निर्णय अंतिम. निवडणूक रद्द झाली तर साठ दिवसांत नवी निवडणूक. आणि हे सगळं होईपर्यंत शपथविधी नाही. अंधारात हिरवळीवर उरकून टाकायची सोयच काढून घेतली.

आपल्याकडची तुलना मनात येतेच. रायबरेलीच्या १९७१ च्या निकालावर राजनारायण कोर्टात गेले आणि न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांचा निकाल लागला १२ जून १९७५ ला. चार वर्षांनी! तोवर बांगलादेशाचं युद्ध होऊन गेलं होतं. अर्थात तो निकाल धाडसीच, आणि त्यानंतर आणीबाणी वगैरे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण चार वर्षं सत्ता भोगून झाल्यावर निवड रद्द करण्यात जो धक्का बसतो, त्याचा केनियाच्या घटनाकारांनी आधीच विचार केला होता. चौदा दिवसांत घाई होते हे खरं. पण उशिराची किंमत त्यांनी पाहिली होती.

नव्या पद्धतीची पहिली परीक्षा लगेच २०१३ मध्ये झाली. उहुरू केन्याटा ५०.०७ टक्क्यांनी जिंकले. पहिल्या फेरीत जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि ती रेघ त्यांनी जेमतेम आठ हजारांच्या आसपास मतांनी ओलांडली होती. या निवडणुकीत तंत्रज्ञानाचा पार बोऱ्या वाजला. मतदार ओळखायच्या मशीनच्या बॅटऱ्या उतरल्या, निकाल पाठवायची यंत्रणा मध्येच झोपली. आणि कहर म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या बाद मतांचा आकडा भलताच फुगत गेला. आयोगानं मग सांगितलं की प्रोग्राममधल्या चुकीमुळे बाद मतांना आठनं गुणलं जात होतं! (कुठल्या तरी लूपमध्ये कोणीतरी... असो. त्या डेव्हलपरचं दुःख मी समजू शकतो. :))

ओडिंगा कोर्टात गेले. मुख्य न्यायमूर्ती विली मुटुंगा यांच्या कोर्टानं आठशेच्या वर पानांचं एक प्रतिज्ञापत्र उशिरा आलं म्हणून दाखल करून घेतलं नाही, आणि ३० मार्चला एकमतानं याचिका फेटाळली. पुष्कळ टीका झाली. पण ओडिंगांनी निकाल पटला नाही असं सांगून तो मान्य केला. पाच वर्षांपूर्वी ज्या देशात चर्च जळलं, तिथे हरलेला माणूस घरी गेला.

*

आता २०१७.

पद्धत समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रत्येक मतदान केंद्रावर मोजणी झाली की अधिकारी '३४-ए' नावाचा कागदी फॉर्म भरतो. पक्षांचे प्रतिनिधी सही करतात. (आपल्याकडच्या १७-सी चा हा चुलतभाऊ म्हणा.) त्या फॉर्मचा फोटो आणि आकडे टॅबलेटवरून मुख्य केंद्राकडे पाठवायचे. मतदारसंघाचा गोषवारा म्हणजे ३४-बी, असे २९०. आणि त्यांची देशभराची बेरीज म्हणजे एकच ३४-सी. मतदान केंद्रं ४० हजारांवर. कायदा सांगत होता की फॉर्म इलेक्ट्रॉनिक मार्गानं पाठवाच आणि प्रत्यक्षही आणून द्या. त्याच वर्षी जूनमध्ये अपील कोर्टानं आणखी एक गोष्ट पक्की केली होती: मतदारसंघात जाहीर झालेला आकडा अंतिम, नैरोबीतल्या कोणी साहेबानं तो बदलायचा नाही.

म्हणजे डिझाईन उत्तम. खरा डेटा तळाशी, सगळ्यांच्या सहीनिशी. वर फक्त बेरीज. कोणालाही खालून वर परत पडताळून बघता येईल.

निवडणूक ८ ऑगस्टला. त्याच्या जेमतेम दहा दिवस आधी आयोगाचे आयटी मॅनेजर ख्रिस मसांडो यांचा मृतदेह नैरोबीबाहेर सापडला. छळ करून मारलं होतं. काही दिवसांपूर्वीच हा माणूस टीव्हीवर येऊन यंत्रणा कशी सुरक्षित आहे ते समजावून सांगत होता. सर्व्हर सांभाळणं हे आपण वैतागून करतो ते काम. त्यात जीव जाऊ शकतो, ही कल्पनाच मला नीट पचत नाही.

मतदानाच्या संध्याकाळपासून पोर्टलवर आकडे धडाधड यायला लागले. पण फॉर्मचे फोटो? ते येतच नव्हते. नुसते आकडे, पुरावा नाही. अकरा हजारांवर केंद्रांवर थ्री-जी नेटवर्क नाही हे आयोगानं आधीच सांगितलं होतं. अधिकाऱ्यांनी नेटवर्क मिळेल तिथे जाऊन फॉर्म पाठवावेत असं ठरलं होतं. ११ ऑगस्टला अध्यक्ष वाफुला चेबुकाटींनी निकाल जाहीर केला: केन्याटा ८२,०३,२९० (५४.२७ टक्के), ओडिंगा ६७,६२,२२४ (४४.७४ टक्के). त्या वेळी दहा हजारांहून जास्त केंद्रांचे ३४-ए आयोगाकडे आलेलेच नव्हते! जॉन केरींसारखे बडे निरीक्षक मात्र मतदानाचं कौतुक करून मोकळे झाले.

ओडिंगा आधी म्हणाले कोर्टात जाणार नाही. दरम्यान किसुमू आणि नैरोबीच्या वस्त्यांत पोलिसांनी धुमाकूळ घातला. कित्येक माणसं मेली. किसुमूत घरात घुसलेल्या पोलिसांच्या लाठीनं सहा महिन्यांची मुलगी गेली. मग १६ ऑगस्टला ओडिंगांनी विचार बदलला, आणि १८ तारखेला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, हजारो पानं भरलेली खोकी कोर्टात पोचली.

पहिली बैठक २६ ऑगस्टला, शनिवारी. मुख्य न्यायमूर्ती डेव्हिड मरागा हे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट. शनिवारी सूर्यास्तापर्यंत काम करायचं नाही हा त्यांचा धर्मनियम. घड्याळ तर चौदा दिवसांचं. मग काय, सूर्य मावळल्यावर कोर्ट बसलं!

२८ तारखेला कोर्टानं आदेश दिला. आयोगानं सर्व्हरचा फक्त-वाचण्यापुरता ॲक्सेस द्यावा, लॉग द्यावेत, कोणी कधी लॉगिन केलं ते दाखवावं. कोर्टानं नेमलेले तज्ज्ञ देखरेख करणार. म्हणजे कोणाला काही बदलता येणार नव्हतं, फक्त बघता येणार होतं. आयोगानं सुरक्षेचं कारण सांगत टाळाटाळ केली. दिलं ते अर्धवट. कागदी फॉर्म तपासले तर पन्नासावर ३४-बी वर वॉटरमार्क नव्हता, काहींवर क्रमांक नव्हता. आणि ज्या एका कागदावरून राष्ट्रपती जाहीर झाले, त्या ३४-सी वरही वॉटरमार्क किंवा क्रमांक नव्हता.

ओडिंगांच्या वकिलांनी आणखीही बरंच काही मांडलं होतं. दोघांमधली टक्केवारी सतत तेवढीच राहते म्हणजे आत फॉर्म्युला घातलाय, वगैरे. हे मला फारसं पटत नाही. मोठ्या संख्येत सरासरी स्थिर होतेच. कोर्टाचा निर्णय त्यावर टिकलेलाही नाही. तो टिकला लॉगवर. कोर्टाचं म्हणणं असं: तुमच्याकडे लॉग आहेत, ते दाखवले तर तुमची बाजू सिद्ध होऊ शकते, आदेश असूनही तुम्ही दाखवत नाही. मग एक तर बाहेरून कोणी यंत्रणेत घुसलं, किंवा तुम्हीच काही केलं, किंवा सगळा गोंधळ झालाय आणि तो कबूल करायची तयारी नाही. तिन्हीपैकी काहीही असो, निकाल पडताळता येत नाही.

शुक्रवार, १ सप्टेंबर. चार विरुद्ध दोन, निवडणूक रद्द. (सातवे न्यायमूर्ती आजारी होते.) विद्यमान राष्ट्रपतींचा विजय कोर्टानं रद्द करण्याची आफ्रिकेतली ही पहिली वेळ.

*

पण दोन न्यायमूर्ती विरोधात होते, आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. न्यायमूर्ती ओजवांग आणि न्जोकी न्डुंगु यांचा मुद्दा साधा होता. मतदान केंद्रावर लोकांनी मत दिलं, ते तिथेच सगळ्यांसमोर मोजलं गेलं, सह्या झाल्या. त्या आकड्यांवर फारसा वादच नाही. मग पुढे ते पाठवताना घोळ झाला म्हणून दीड कोटी लोकांची मतं कचऱ्यात टाकायची? नेटवर्क पडलं यात मतदाराचा काय गुन्हा? आणि चौदा लाखांचा फरक त्या घोळामुळे पडला हे तर कोणी दाखवलेलंच नाही.

हा प्रश्न कायद्यात एका शब्दावर येऊन थांबतो. तो भाग मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा सविस्तर.

केनियाच्या निवडणूक कायद्याचं कलम ८३. मतितार्थ असा: नियमभंग झाला एवढ्यावरून निवडणूक रद्द करू नये, जर (अ) ती घटनेच्या आणि कायद्याच्या तत्त्वांप्रमाणे झाली असेल, *किंवा* (ब) त्या नियमभंगाचा निकालावर परिणाम झाला नसेल. बहुमताच्या न्यायमूर्तींनी अर्थ लावला की दोन मुद्दे वेगवेगळे आहेत. याचिकाकर्त्यानं कुठलाही एक सिद्ध केला तरी पुरे. तत्त्वंच पायदळी तुडवली असतील तर आकडा बदलला हे दाखवायची गरज नाही.

आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकलेलं डी मॉर्गन आठवा. "अ किंवा ब असेल तर रद्द करू नका" याचा उलटा अर्थ काय होतो? रद्द करायला अ पण खोटा हवा आणि ब पण खोटा हवा. म्हणजे काटेकोर तर्कानं बघितलं तर शब्द कोर्टाच्या विरुद्ध होता! कोर्टानं लावलेला अर्थ निघतो तो "आणि" असला तर. आणि गंमत म्हणजे ज्या जुन्या इंग्लिश कायद्यावरून हे कलम आलं, तिथे खरंच "आणि" आहे. लॉर्ड डेनिंग यांनी सत्तरच्या दशकात त्याचा अर्थही तसाच लावला होता.

गंमत अजून संपली नाही. निकालानं चिडलेल्या सत्ताधाऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये संसदेत कायदा बदलला. काय केलं? "किंवा" काढून "आणि" घातलं! त्यांना वाटलं आता याचिकाकर्त्याला दोन्ही सिद्ध करावं लागेल. ट्रुथ टेबल काढून बघा, नेमकं उलटं होतं. त्यांनी कोर्टाचा अर्थच कायद्यात पक्का करून दिला असता. अर्थात कोर्टं ट्रुथ टेबलवर चालत नाहीत, हेतू बघतात, हे मला कळतं. त्या दुरुस्त्यांपैकी बऱ्याच पुढे २०१८ मध्ये हायकोर्टानं घटनाबाह्य ठरवल्या, तो भाग वेगळा. पण कंडिशन लिहिताना "नाही" च्या पुढे "किंवा" आलं की दोनदा वाचावं, हे कोड रिव्ह्यूत आपण सांगतो ते उगीच नाही.

आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात असा प्रश्नच येत नाही. नुसत्या नियमभंगाचा आरोप असेल तर निकालावर ठोस परिणाम झाला हे दाखवावं लागतं. केनियाच्या बहुमतानं वेगळी वाट धरली. त्यांच्या मते निवडणूक म्हणजे शेवटचा आकडा नव्हे. मतदार नोंदणीपासून निकाल पाठवण्यापर्यंतची सगळी प्रक्रिया म्हणजे निवडणूक.

माझं मत? मी बहुमताच्या बाजूचा आहे. एखाद्या बँकेच्या सिस्टिममध्ये बेरीज बरोबर येते, पण ऑडिटरनं लॉग मागितल्यावर "सुरक्षेमुळे देता येत नाही" म्हणतात, तर तो ऑडिटर सही करेल का? बेरीज बरोबर असेलही. पण "असेलही" वर सही होत नाही. विरोधी न्यायमूर्तींचा मुद्दा तिथेच अडतो. मतदान केंद्रावरचे आकडे बरोबर होते हे आपल्याला कशावरून कळलं, तर फॉर्मवरून. आणि ते फॉर्मच जाहीर करायच्या वेळी हातात नव्हते.

*

आता यापुढे सगळं छान झालं असं लिहायला मला आवडलं असतं.

केन्याटांनी टीव्हीवर निकाल मान्य केला, आणि त्याच दिवशी नैरोबीतल्या बाजारात जमलेल्या गर्दीसमोर न्यायमूर्तींना 'वाकोरा' म्हणाले. स्वाहिलीत याचा अर्थ भामटे, लबाड. आयोगात सुधारणा होत नाहीत म्हणून ओडिंगांनी १० ऑक्टोबरला फेरनिवडणुकीतून माघार घेतली. आयोगाच्या सदस्य रोझलिन अकोम्बे जिवाच्या भीतीनं न्यूयॉर्कला निघून गेल्या आणि तिथून राजीनामा दिला. २४ ऑक्टोबरला उपमुख्य न्यायमूर्ती फिलोमेना म्विलू यांच्या गाडीच्या चालकावर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी निवडणूक पुढे ढकलण्याच्या याचिकेची सुनावणी होती. कोर्टात फक्त दोन न्यायमूर्ती आले. गणपूर्ती नाही, सुनावणी नाही. २६ ऑक्टोबरला मतदान झालं, केन्याटा ९८ टक्क्यांनी जिंकले. मतदान ४० टक्क्यांच्याही आत, आणि ओडिंगांच्या भागातल्या २५ मतदारसंघांत तर मतदानच नाही. त्यावरच्या याचिका कोर्टानं २० नोव्हेंबरला एकमतानं फेटाळल्या.

मग कोर्टानं मिळवलं काय? तोच माणूस राष्ट्रपती झाला, आणखी माणसं मेली, न्यायमूर्तींवर दहशत बसली. २०१७ च्या अखेरीस मी हा लेख लिहिला असता तर कदाचित निराश होऊन संपवला असता.

पण २०२२ बघा. आता केन्याटांनी पाठिंबा दिलेला उमेदवार कोण? ओडिंगा! राजकारण सगळीकडे सारखंच. समोर विल्यम रुटो. आणि आयोगानं २०१७ चा मार खाऊन एक गोष्ट केली: प्रत्येक केंद्राच्या ३४-ए चा फोटो सार्वजनिक पोर्टलवर टाकला. ४६ हजारांवर फॉर्म. कोणीही डाउनलोड करा, स्वतः बेरीज करा. माध्यमांनी केल्या, लोकांनी घरी बसून एक्सेलमध्ये केल्या.

१५ ऑगस्टला निकाल आला: रुटो ७१,७६,१४१, ओडिंगा ६९,४२,९३०. सातपैकी चार आयुक्तांनी पत्रकार परिषद घेऊन निकालाशी आपला संबंध नाही असं सांगितलं. कारण? टक्केवारींची बेरीज १००.०१ येते, आणि तो ०.०१ टक्का म्हणजे १ लाख ४२ हजार मतं! आता १ कोटी ४२ लाखांचा ०.०१ टक्का म्हणजे १,४२० मतं, आणि तीही नुसती दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे पूर्ण करताना आलेली. कॅल्क्युलेटर सगळ्यांच्या फोनमध्ये होता. देशभर हसू झालं.

ओडिंगा तिसऱ्यांदा कोर्टात गेले. आरोप असा की पोर्टलवर जाण्याआधी मध्येच कोणीतरी फॉर्म बदलले. या वेळी तपासायची सोय होती. मूळ कागद, प्रतिनिधींकडच्या कार्बन प्रती आणि पोर्टलवरचे फोटो जुळवून बघितले. जुळले. हॅकिंगचा पुरावा म्हणून दिलेले काही लॉग्ज २०१७ च्या निवडणुकीतले किंवा सरळ बनावट असल्याचं कोर्टाला आढळलं. ५ सप्टेंबरला मुख्य न्यायमूर्ती मार्था कूमे यांच्या सात जणांच्या पीठानं एकमतानं याचिका फेटाळली. त्या सातांत २०१७ ला निवडणूक रद्द करणाऱ्या चौघांपैकी तिघं होते. लॉग दाखवत नाही म्हणून ज्यांनी एकदा निवडणूक रद्द केली, त्यांनीच लॉग खोटे आणले म्हणून दुसऱ्यांदा याचिका फेटाळली. मला यात सुसंगती दिसते.

सगळं गोड नव्हतंच. एका मतदारसंघाचा निवडणूक अधिकारी मोजणी चालू असताना बेपत्ता झाला आणि मृत सापडला. पण देश पेटला नाही. ओडिंगांनी निकालाशी असहमती नोंदवून तो मान्य केला.

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा. २००७ मध्ये फरक होता २,३१,७२८ मतांचा. २०२२ मध्ये? २,३३,२११. जवळजवळ तेवढाच. एकदा तेवढ्या फरकावर अकराशे माणसं गेली, आणि एकदा वकील भांडले आणि लोक सोमवारी निकाल ऐकून मंगळवारी कामाला गेले. मधल्या पंधरा वर्षांत माणसं देवदूत झाली नव्हती. एक वेळेचं बंधन असलेलं कोर्ट आलं होतं, त्या कोर्टानं एकदा बलाढ्य माणसाविरुद्ध निकाल देऊन दाखवला होता, आणि त्या निकालामुळे फॉर्म सगळ्यांसमोर उघडे पडले होते. २०१७ चं श्रेय २०२२ मध्ये दिसलं. मलावीनंही तोच कित्ता गिरवला. तिथे निकालपत्रांवर व्हाइटनर फासून आकडे खोडले होते, म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टानं निवडणूक रद्द केली, आणि फेरनिवडणुकीत विरोधी उमेदवार चक्क जिंकला.

रायला ओडिंगा १५ ऑक्टोबर २०२५ ला गेले. कुठे, तर आपल्या केरळात, कूत्ताट्टुकुळमला, आयुर्वेदिक उपचारांसाठी आले असताना. वय ८०. पाच वेळा राष्ट्रपतिपदासाठी लढले, एकदाही झाले नाहीत. तीनदा कोर्टात गेले, एकदा जिंकले, आणि त्या जिंकण्याचा त्यांना स्वतःला काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो पोर्टलवर ३४-ए उघडून बेरीज करणाऱ्या लोकांना.

असो. लेख ठरवला होता त्याच्या दुप्पट झालाय, आणि उद्या सोमवार आहे. वेळ मिळाला तर २०१७ चा बहुमताचा निकाल आणि न्यायमूर्ती न्डुंगुंचं विरोधी मत, दोन्ही मुळातून वाचा. मी बहुमताकडून आहे हे वर सांगितलंच. पण दुसरं वाचताना दोनदा तरी माझं मत डळमळलं होतं.